गौरम्मांची सोमवारची गोळी

सुनेने स्वयंपाकघरातली फळी वर सरकवली, असा आरोप गौरम्मा हालकुडे यांनी गेल्या दसऱ्याच्या आधी केला. फळी कडप्प्याची, भिंतीत पक्की बसवलेली. सून वर्षाराणी ही कॅलेंडरचा खिळा ठोकायलाही नवऱ्याची वाट बघणारी बाई. पण गौरम्मांचं म्हणणं सरळ होतं. फळीवरचा पिठाचा डबा तीस वर्षं त्यांच्या हाताला येत होता, आता येत नव्हता. त्या स्वतः तर कुठे गेल्या नव्हत्या. मग हलली असेल तर फळीच.

दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी वर्षाराणी माझ्या दुकानात आली, डोकेदुखीची गोळी घेतली आणि म्हणाली, "भागवतकाका, आत्याबाईचं काय बिनसलंय बघा जरा. मी फळी वर केली म्हणायल्यात."

माझं मुरूडच्या बाजारात मेडिकल आहे. एकोणतीस वर्षं झाली. लोक डॉक्टरकडे जायच्या आधी माझ्याकडे येतात आणि डॉक्टरकडून आल्यावर, ते काय म्हणाले हे मला विचारायला पुन्हा येतात. "ती मागच्या बारीची लाल गोळी द्या," एवढ्यावर मी औषध शोधून द्यावं अशी त्यांची अपेक्षा असते. माझा स्वभाव तापट आहे असं गावात बोलतात. एकोणतीस वर्षं लाल गोळी शोधणाऱ्या माणसाचा स्वभाव कसा असावा, हे बोलणाऱ्यांनीच सांगावं.

गौरम्मांचं घर माझ्या दुकानामागच्या गल्लीत. त्या सहासष्ट वर्षांच्या, आणि मुरूडच्या भाकरीवाल्या. लातूरला शिकायला आलेली पोरं मेसमध्ये जेवतात आणि घरच्यासारखी ज्वारीची भाकरी मागतात. ती भाकरी मुरूडला गौरम्मांच्या चुलीवर होते. जोडीला शेजारच्या पार्वतीबाई. दोघी मिळून पहाटेपासून अडीचशे भाकरी थापतात आणि सव्वासातच्या एसटीला टोपल्या चढवतात. मुलगा मन्मथ ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. नवरा वारल्यावर सुरू केलेलं हे काम, मुलाने दहादा बंद करायला सांगूनही चालू आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. घर लिंगायतांचं. गौरम्मा पहाटे अंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घेतात, भस्म लावतात, पूजा करतात, त्याचं तीर्थ घेतात. त्याआधी पाण्याचा थेंब तोंडात नाही. लहानपणी लिंग बांधलं तेव्हापासूनचा हा नियम टायफॉइडमध्येसुद्धा मोडलेला नाही. त्या चुलीपुढे बसतात ते त्यानंतर.

तर मी त्यांना दुकानात बोलावलं. माझ्या भिंतीवर उंची मोजायची जिराफाची पट्टी आहे. पोरांची उंची वाढवणाऱ्या एका पावडरच्या कंपनीने दहा वर्षांपूर्वी चिकटवलेली. चिकटवली त्या दिवशी गौरम्मा नातीला घेऊन आल्या होत्या आणि नातीच्या हट्टाखातर स्वतःही जिराफाला टेकून उभ्या राहिल्या होत्या. नातीने पेन्सिलीने रेघ मारून 'आज्जी' असं लिहिलं होतं. ती रेघ अजून होती. मी त्यांना म्हटलं, "अक्का, चपला काढा आणि इथं उभ्या राहा."

रेघ त्यांच्या डोक्याच्या तीन बोटं वर होती.

त्यांनी वळून रेघ पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "ही पट्टी तू काढून परत लावलीस का?"

पट्टीला मी हात लावला नव्हता. श्रावणात पिठाचं पोतं सरकवताना त्यांच्या पाठीत चमक भरली होती, त्यावर मी एक स्प्रे आणि हाडांच्या ताकदीचं टॉनिक मात्र दिलं होतं. ते टॉनिक त्या चार वर्षं माझ्याकडून नेत होत्या. बाटलीवर डंबेल्स उचलणाऱ्या बाईचं चित्र आहे. गुरुवारी मला माल आणायला लातूरला जायचंच होतं, मी त्यांना आणि वर्षाराणीला सोबत घेतलं.

लातूरच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला शांत. त्यांनी फोटो काढला, गौरम्मांना एका मशीनवर झोपवून हाडं मोजली आणि सांगितलं की पाठीचे दोन मणके चेपले आहेत.

"कधी मोडले, आठवतं का?"

"मोडले असते तर कळलं असतं की मला."

"श्रावणात पाठ दुखली होती म्हणालात, तेव्हाच मोडले असणार. हाडं ठिसूळ झालीत. हे बघा, घनता उणे तीन आहे."

"उणे म्हंजी कशापरीस?"

"तिशीतल्या निरोगी बाईच्या हाडांपेक्षा."

"आता तिशीतल्या बाईसंगं माझी बरोबरी कशाला लावली?" गौरम्मा म्हणाल्या. "माझ्या सासूसंगं लावा की. ती जाताना पार दुमडली हुती. तिच्यापुढं मी ताठ हाय."

डॉक्टरीणबाईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि औषध सांगितलं. आठवड्यातून एकच गोळी. सकाळी सगळ्यात आधी, उपाशीपोटी, मोठा ग्लास भरून साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं. आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, चहा नाही, दूध नाही. आधी दात तपासून घ्यायचे, रक्त तपासायचं, ते ठीक असेल तर सुरू करायचं.

"अर्धा तास बसून काय करायचं?" गौरम्मांनी विचारलं.

"काही नाही. नुसतं बसायचं."

गौरम्मांनी माझ्याकडे पाहिलं. मणके मोडल्याचं ऐकून त्यांचा चेहरा हलला नव्हता, तो आता हलला. चिठ्ठी त्यांनी कनवटीला खोचली आणि म्हणाल्या, "इचार करते."

विचार महिनाभर चालला, आणि त्यांनी एकट्यांनी केला असता तर बरं झालं असतं. वर्षाराणीने मोबाइलवर गोळीची माहिती वाचली. त्यात जबड्याचं हाड खराब होऊ शकतं असं होतं. ते क्वचित, लाखात काहींना होतं, हेही लिहिलेलं असणार, पण तेवढं खाली जाईपर्यंत तिचा धीर सुटला. पार्वतीबाईंनी ते ऐकून गल्लीत सांगितलं की या गोळीने दात पडतात. गौरम्मांच्या तोंडात एकूण पाच दात. त्या म्हणाल्या, पडायचं ते पडलंय, आता काय. मग डिंकाच्या लाडवांचा एक डबा आला. कुणीतरी हाडजोडीची वेल आणून दिली. मन्मथने बुलढाण्याहून फोन करून, एका ढाब्यावर भेटलेल्या माणसाच्या सांगण्यावरून, बकरीचं दूध घ्यायला सांगितलं. रस्त्यापलीकडच्या नजीरभाईंनी त्यांच्या मावशीची गोष्ट सांगितली. तिने ही गोळी घेतली आणि ती बरी आहे. ती गोष्ट कुणी ऐकून घेतली नाही. बरं असलेल्या माणसाची गोष्ट फार वेळ चालत नाही.

मी काय सल्ला दिला? मी म्हणालो, डॉक्टर सांगतात तसं करा. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो असेन. टॉनिकच्या बाटल्या मी मागच्या फळीवर नेऊन ठेवल्या होत्या आणि गौरम्मांच्या नजरेला नजर देणं मला जड जात होतं.

एके दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. गौरम्मा आल्या, खुर्चीवर बसल्या आणि आपणहून बोलायला लागल्या. त्यांची थोरली बहीण रत्नम्मा उदगीरला होती. अंगाने दांडगी, भरलेली घागर एका हाताने कडेवर घेणारी. ती न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हृदय अधू म्हणून ऑपरेशन करता आलं नाही. सात महिने ती खाटेवर होती, आणि गौरम्मा चुलीला कुलूप लावून ते सात महिने तिच्याजवळ राहिल्या. चादरीचे चार कोपरे चौघांनी धरून तिला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर करायचं. रोज तीनदा.

"पयल्या दिवशी रत्नी रडली. मग रडायची थांबली," गौरम्मा म्हणाल्या. "एकदा मला म्हणली, गौरे, मला उचलताना माझ्या तोंडाकडं बघत जाऊ नको."

त्यांनी पदर सावरला.

"मरायचं भ्या न्हाई मला भागवता. आमच्यात मेल्यावर बी माणसाला बसवून नेत्यात, आडवं न्हाई. मातीत बी बसवूनच ठेवत्यात. मग जित्तेपणी मी आडवं का पडून ऱ्हाऊ? मला कुणी उचलायचं न्हाई. बस, येवढंच हाय माझं."

एवढं महिनाभरात कुणी विचारलं नव्हतं. सगळे दात, दूध आणि डिंक यांतच होतो.

दात पाहून झाले, रक्त तपासून झालं, आणि पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा लातूरला गेलो. गौरम्मांनी डॉक्टरीणबाईंना बसल्या बसल्या विचारलं, "गोळी खाल्ली तर मी परत पयल्यायेवढी उंच व्हईन का?"

"नाही."

"पाठीचा बाक जाईल?"

"नाही. तो आता राहणार."

"मग पुन्हा कधी हाड मोडणार न्हाई?"

"असंही सांगता येणार नाही. मोडण्याची शक्यता कमी होईल. मणक्याची साधारण निम्म्यावर येते, खुब्याचीही कमी होते. पण पूर्ण जात नाही."

"मग ही गोळी करती काय?"

डॉक्टरीणबाईंनी थोडा विचार केला. "आत्ता आहात, तेवढ्या राहाल," त्या म्हणाल्या. "बहुतेक."

वर्षाराणीचा चेहरा उतरला. लातूरपर्यंत येऊन, दोन तास बाकावर बसून एवढंच ऐकायला मिळालं, असं तिला वाटलं असणार. मलाही वाटलं. मी दुकानदार आहे. असं बोलून एक बाटली खपणार नाही. पण गौरम्मा हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या.

"लाडू खाऊन मी पळायला लागणार हुते," त्या म्हणाल्या. "ह्याच्या बाटलीवर तर बाई लोखंड उचलायली. हीच येक बाई म्हणायली की काय बी व्हणार न्हाई, हाय तेवढीच ऱ्हाशील. दे बाई तुझी गोळी."

दिवस सोमवार ठरला. सोमवार त्या विसरत नाहीत. मी पाकिटावर जाड पेनाने लिहून दिलं: सोमवार, सकाळी, उपाशीपोटी. मार्गशीर्षात गोळी सुरू झाली आणि मी निश्चिंत झालो.

पौषात त्या पित्ताची पुडी न्यायला आल्या. आठवड्याने पुन्हा आल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी विचारलं, "अक्का, काय होतंय?"

"छातीत जळजळ व्हायलीय. घास उतरताना दुखायलंय. गोळी सोसंना वाटतंय. पर तुला कसं सांगावं म्हणून बोलले न्हाई."

"पाणी ग्लासभर घेता ना?"

"घेते की."

त्या 'घेते की'वर माझा विश्वास बसला नाही. गिऱ्हाईक या सुरात बोललं की त्याने औषध घेतलेलं नसतं. पुढच्या सोमवारी मी पहाटे स्वेटर चढवून त्यांच्या घरी गेलो. पार्वतीबाई एका चुलीपुढे बसून थापत होत्या, वर्षाराणी भाकरी शेकत होती. कोपऱ्यात गौरम्मांची पूजा चालली होती. मी उंबऱ्यावर उभा राहिलो.

पूजा झाली. त्यांनी डाव्या हातावरचं लिंग डोळ्यांना लावलं. वाटीतलं तीर्थ उजव्या तळव्यात घेतलं. त्यात भस्माचे कण दिसत होते. मग पाकिटातून गोळी काढली, त्या तीर्थात ठेवली आणि चमचाभर पाण्याबरोबर गिळली. लगेच कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार केला. उठून परातीपुढे बसल्या आणि कंबरेतून वाकून पीठ मळायला लागल्या.

मी कपाळाला हात लावला.

"अक्का, हे काय?"

"काय म्हंजी? घेतली की गोळी. तुझ्यासमोरच घेतली."

"ग्लासभर पाणी कुठंय?"

"तीर्थ ग्लासभर असतंय व्हय?"

"आणि अर्धा तास बसायचं?"

"मग हे काय करायलेय? बसलेच हाय की परातीपुढं."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. माझा आवाज चढला होता, त्यांचा नव्हता. डॉक्टरीण म्हणाली, सगळ्यात आधी गोळी. तीर्थाच्या आधी तर त्या काही घेत नाहीत. गोळी आधी घेतली तर देवाचा अवमान, तीर्थ आधी घेतलं तर डॉक्टरचा. म्हणून त्यांनी दोन्ही एकाच वेळी घेतलं. दोघांचाही मान राहिला.

मी ओरडलो. गोळी चमचाभर पाण्याने अन्ननलिकेतच अडकते, तिथेच भाजते, वाकलं की वर येते, राखेने तिचा गुण जातो, हे सगळं मी एका दमात ओरडून सांगितलं. गल्लीतली माणसं दारात आली. वर्षाराणीची एक भाकरी करपली. माझा श्वास संपला तेव्हा गौरम्मा म्हणाल्या, "हे पाकिटावर कुठं लिवलंय?"

नव्हतं लिहिलं. सोमवार, सकाळी, उपाशीपोटी एवढंच माझ्या अक्षरात होतं. बाकीचं डॉक्टरीणबाईंनी एकदा सांगितलं होतं, तेही अर्ध्या तासाच्या धक्क्यात गौरम्मांच्या कानावरून गेलेलं. मी गृहीत धरलं होतं. हे ज्याचं काम, त्यानेच गृहीत धरलं. मी घरी आलो आणि त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर महिनाभर गोळी बंद करायला सांगितली आणि जळजळीचं औषध दिलं. महिन्याने लातूरला तपासून झाल्यावर म्हणाल्या, चमचाभर तीर्थ आधी घ्या, राख न घालता, साध्या पाण्याचं. त्याला काही हरकत नाही. मग ग्लासभर पाण्याबरोबर गोळी. आणि तेही नको असेल तर वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन घेता येतं.

"कसं घ्यायचं?"

"इथे यायचं, खाटेवर पडायचं, अर्धा तास सलाईन—"

"खाटंवर न्हाई पडायची मी," गौरम्मा म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

म्हणजे गोळीच. पण आता घेतानाची भीती खरी होती. आधीची भीती ऐकीव होती, ही स्वतःच्या छातीत जळून गेलेली. वर्षाराणी सरळ म्हणाली, सोडून द्या आत्याबाई, एवढं सोसून करायचं काय. पहिल्या सोमवारी त्यांनी घरात ग्लासभर पाण्याने गोळी घेतली, भिंतीला पाठ लावून बसल्या, आणि पाचव्या मिनिटाला तवा धुरावला म्हणून उठून वाकल्या. घरात नुसतं बसणं त्यांना जमेना. स्वतःच्या चुलीपुढे दुसरी कुणी वाकडी भाकरी थापत असताना ताठ बसून राहणं हे, त्यांच्या शब्दांत, माणसाचं काम नाही.

पुढच्या सोमवारी पावणेसातला माझ्या घराची कडी वाजली.

"दुकान उघड. मला बसायचंय."

तेव्हापासून सोमवारी मी साडेसहाला शटर वर करतो. गौरम्मा पूजा आणि तीर्थ उरकून येतात, सोबत पाण्याचा तांब्या आणि ग्लास. माझ्या पाण्यावर त्यांचा भरवसा नाही. काउंटरसमोरच्या खुर्चीत बसून गोळी घेतात, ग्लास तळापर्यंत संपवतात आणि रस्त्याकडे तोंड करून ताठ बसतात. त्या अर्ध्या तासात माझ्या दुकानातल्या धुळीपासून माझ्या जावयापर्यंत सगळ्यांची झडती होते. सव्वासातची एसटी समोरून जाते, तिच्यात त्यांच्या टोपल्या असतात. इतकी वर्षं त्यांनी ती एसटी फक्त भरली होती, जाताना पाहिली नव्हती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाल्या, "ड्रायव्हर लई जोरात हाणतोय. भाकरी मोडत असतील." पण बघत राहिल्या, गाडी वळेपर्यंत.

छातीत जळणं थांबलं. फाल्गुन गेला, चैत्र गेला. गौरम्मा पोतं उचलत नव्हत्या, उन्हात बसत होत्या, आणि सोमवार एकही चुकला नव्हता. मला त्यांचा अभिमान वाटायला लागला होता, आणि थोडा माझाही. ते चुकलंच.

बसव जयंतीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानाजवळच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर त्यांचा पाय घसरला. मी आवाज ऐकून धावलो. आधीच चौघेजण जमले होते आणि त्यांना धरायला वाकत होते.

"हात लावू नका!" गौरम्मा ओरडल्या. एवढ्या मोठ्या आवाजात मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. "येकानं बी हात लावायचा न्हाई."

चौघे जागीच थांबले. मीही थांबलो. त्या खाली पडल्या पडल्या आधी एक पाय हलवून बघत होत्या, मग दुसरा. मग डावा हात गिरणीच्या भिंतीला लावून, गुडघ्यावर आल्या. खूप वेळ गुडघ्यावर होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि आम्ही पाच पुरुष हात बांधून उभे होतो. मग त्या उभ्या राहिल्या. उजवा हात मनगटातून वाकडा लोंबत होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मोडलं वाटतं." रिक्षापर्यंत चालत गेल्या.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर, म्हणजे सहा आठवडे भाकरी नाही.

गल्लीचा निकाल संध्याकाळपर्यंत लागला. पार्वतीबाई दुकानासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "येवढ्या गोळ्या खाऊन बी मोडलंच की." त्यांना दुसरं काही म्हणायचं नव्हतं, त्या रडत होत्या. मन्मथने फोनवर मला विचारलं, काका, तुम्ही आईला नेमकं काय चारायलात? वर्षाराणीने तेवढंही विचारलं नाही. ती म्हणाली, "आता बंद करावं का काका?" मी तिला डॉक्टरांना विचार म्हणालो. दोन महिने सोमवारी पहाटे त्या बाईला खुर्चीत बसवून ठेवलं ते कशासाठी, हे मला माझ्याच काउंटरमागे उभं राहून सांगता येत नव्हतं. मला लाज वाटत होती.

पुढच्या सोमवारी मी साडेसहाला दुकान उघडलं. त्या येणार नाहीत हे मला माहीत होतं. खुर्ची मी तरीही पुसून ठेवली, धुळीवरून बोलणी खायला कुणी असो नसो.

पावणेसातला गौरम्मा गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात ग्लास पालथा घातलेला तांब्या, कपाळावर भस्माचे पट्टे. पूजा डाव्या-उजव्याची अदलाबदल करून कशीतरी केली असणार. त्या खुर्चीत बसल्या. कंबरेची गोळ्यांची पट्टी काढून काउंटरवर टाकली.

"फोडून दे. येका हातानं निघंना."

मी पट्टी हातात घेतली, पण फोडली नाही. "अक्का," मी म्हणालो, "घ्यायचीय का अजून? एवढं करूनही मोडलंच."

"डॉक्टरीण काय म्हणली हुती? मोडणार न्हाई म्हणली हुती का?"

"नाही."

"कमी मोडंल म्हणली. मग कमीच मोडलं की. पाय कुठं मोडला?" त्यांनी दोन्ही पाय खुर्चीखालून पुढे काढून मला दाखवले. "रत्नी पडली ती उठलीच न्हाई. मी उठले."

गोळीमुळे की नशिबामुळे, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाईंनाही आलं नसतं. मी गोळी काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. ग्लास भरला. डाव्या हाताने ग्लास धरताना तो कलला, पाणी प्लास्टरवर सांडलं असतं, म्हणून मी काउंटरच्या बाहेर येऊन ग्लासाच्या बुडाला हात लावला. त्यांनी माझ्याकडे बघत बघत पाणी संपवलं.

अर्धा तास त्या ताठ बसल्या. एसटी गेली, तिच्यात टोपल्या नव्हत्या. तरी त्या गाडी वळेपर्यंत बघत राहिल्या. वेळ झाल्यावर त्या उठल्या, तेव्हा मी म्हणालो, "थांबा, घरापर्यंत येतो सोबत."

"कशाला?" त्या म्हणाल्या, आणि एकट्या गेल्या.